बंदीचा खर्च कोणीं सोसावा?

सांथ आली म्हणजे सरकार बाजार, कारखाने व वाहतूक बंद करण्याचा हुकूम काढतें. हा हुकूम आरोग्यखात्याचा, असेंच सामान्यतः समजलें जातें. वस्तुतः तो तितकाच अर्थखात्याचाहि असतो. दुकान बंद ठेवून घरीं बसणारा माणूस स्वतःचा बचाव करतो हें खरें. पण त्याहून अधिक तो शेजाऱ्यापाजाऱ्यांचा बचाव करतो, आणि त्याची किंमत मात्र त्याच्या एकट्याच्या खिशांतून जाते. दरमहा पगार घेणाऱ्याला ती फारशी जाणवत नाहीं. रोजावर जगणाऱ्याला ती पहिल्या आठवड्यांतच जाणवते.

मुंबईला हा प्रश्न नवा नाहीं. १८९६ सालच्या सप्टेंबर महिन्यांत डॉ. अकासियो व्हिएगस यांनीं प्लेगचे पहिले रोगी ओळखले ते मांडवी भागांत, धान्याच्या वखारींच्या शेजारांत. पुढील कांहीं महिन्यांत लाखों लोक शहर सोडून गेले. गिरण्यांत हात कमी पडूं लागले, तेव्हां एरवीं मजुरांचा पगार आठवडेच्या आठवडे अडकवून ठेवणारे मालक रोजची मजुरी रोज मोजूं लागले. मजूर शहरांत राहावयास हवा असेल तर त्याच्या हातीं त्याच दिवशीं पैसा पडला पाहिजे, हें गिरणीवाल्यांना लौकर उमगलें. सरकारनें १८९७ च्या फेब्रुवारींत सांथीच्या रोगांचा कायदा केला, तो अवघ्या चार कलमांचा. त्यांत प्रवाशांना तपासण्याचे व अडकवून ठेवण्याचे अधिकार निःसंदिग्ध शब्दांत दिलेले आहेत. खर्च कोणीं द्यावा हें ठरविण्याची मुभाहि आहे. मात्र नुकसानभरपाईचा उल्लेख येतो तो “असल्यास” ही पुस्ती जोडून. म्हणजे बंधन निश्चित, भरपाई ऐच्छिक! याच कायद्याच्या आधारें महाराष्ट्र सरकारनें मार्च २०२० मध्यें कोरोनाचे निर्बंध लागू केले.

मांडवी-मसजिद बंदर भागांतील घाऊक धान्यव्यापार पुढें खाडीपलीकडे वाशीला आला. शहरांतील गर्दी कमी व्हावी म्हणून कांदा-बटाटा, धान्य, मसाला, भाजीपाला व फळें यांचे बाजार १९८१ पासून टप्प्याटप्प्यानें नवी मुंबईंत हलविण्यांत आले. २५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी झाली. पण मुंबईकरांची चूल पेटती राहावयाची तर हे बाजार फार काळ बंद ठेवणें शक्य नव्हतें. एका ट्रकाभोंवतीं चालक, माथाडी कामगार, मेहता, व्यापारी व किरकोळ विक्रेता असे पांचजण तरी गोळा होतात. कचेरींतील काम घरून करतां येतें. गोणी घरून उचलतां येत नाहीं, आणि ती पाठीवर देणारा व घेणारा यांच्यांत गोणीएवढेंच अंतर असतें. व्हावयाचें तेंच झालें. बाजारांत रोगी आढळूं लागले, आणि ११ ते १७ मे २०२० असे सात दिवस हे पांचहि बाजार बंद ठेवावे लागले. तो हापूसचा भर हंगाम होता.

माथाडी कामगाराची स्थिति इतर मजुरांच्या मानानें बरी. १९६९ च्या कायद्यानें त्याच्यासाठीं मंडळ आहे, भविष्यनिर्वाह निधि आहे. परंतु त्याची मजुरी उचललेल्या मालावर अवलंबून असते. माल नाहीं तर मजुरी नाहीं. बाजाराच्या दाराशीं चहा विकणाऱ्याला तर तेवढाहि आधार नाहीं.

मग हा खर्च कोणीं उचलावयाचा? केंद्र सरकारनें २९ मार्च २०२० रोजीं सोपी तोड काढली: मालकांनीं बंद काळांतहि पूर्ण पगार द्यावा. मोठ्या कंपनीला हें कदाचित् पेललें असतें. ठाणें-बेलापूर पट्ट्यांतील दहा माणसांच्या कारखान्याला, ज्याचीं स्वतःचींच यंत्रें थांबलेलीं, तें कसें पेलावें? मे महिन्यांत तो हुकूम मागें घेतला गेला. रिझर्व्ह बँकेनें कर्जाचे हप्ते पुढें ढकलण्याची सवलत दिली. हप्ता थांबला, पण व्याज थांबलें नाहीं. रेशनवर माणशीं पांच किलो धान्य फुकट मिळालें, आणि शिवभोजन थाळीचा दर दहा रुपयांवरून पांच करण्यांत आला. ही मदत खरोखर पोटांत गेली. बांधकाम मजुरांची गोष्ट अधिक बोधप्रद आहे. बांधकामाच्या खर्चावर बसविलेल्या उपकराचा पैसा मंडळापाशीं आधींपासून सांठलेला होता. म्हणूनच एप्रिल २०२० मध्यें नोंदणी झालेल्या मजुरांच्या खात्यांत दोन दोन हजार रुपये जमा करण्याचा निर्णय तांतडीनें घेतां आला. नोंद नसलेला मजूर त्याच पहाडावर उभा असूनहि कोरडा राहिला.

दुसऱ्या वर्षीं एक सुधारणा झाली. १३ एप्रिल २०२१ रोजीं मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनीं नवे निर्बंध जाहीर केले, तेव्हां त्याच भाषणांत ५,४७६ कोटींच्या मदतीचीहि घोषणा केली. बंदी व भरपाई एकाच श्वासांत उच्चारलीं गेलीं हें महत्त्वाचें. नोंदणीकृत फेरीवाले, घरकामगार व परवानाधारक रिक्षाचालक यांना प्रत्येकीं दीड हजार रुपये मिळावयाचे होते. निर्बंध पंधरवड्याचे असते तर हे दिवसाला शंभर रुपये झाले असते. मुदत मात्र वाढत वाढत १ जूनपर्यंत गेली. तेव्हां हिशोब दिवसाला तीस-बत्तीस रुपयांवर आला. शिवाय परवाना एकाचा आणि रिक्षा भाड्यानें चालविणारा दुसरा, हा प्रकार वाशी-नेरूळच्या कोणत्याहि नाक्यावर दिसतो. परवाना पाहून दिलेले पैसे ज्याच्या नांवाचा परवाना त्याला. उन्हांत उभ्या राहणाऱ्याला नव्हे.

सरकारचा हात जेथें पोंचत नाहीं तेथें घराघरांतील हिशोबाची वही येते. टाळेबंदींत सोसायट्यांनीं फाटकें बंद केलीं, आणि तुर्भें, दिघे येथील वस्त्यांतून धुणें-भांडीं करण्यास येणाऱ्या बायका बाहेर राहिल्या. त्या स्वतः कामावर गैरहजर नव्हत्या. त्यांना घरमालकांच्या सुरक्षिततेसाठीं अडविलेलें होतें. कित्येक कुटुंबांनीं एप्रिलचा पगार दिला, थोड्यांनीं मे महिन्याचाहि दिला, आणि जूनपासून “काम नाहीं तर पगार कसला” असा प्रश्न निघूं लागला. वाण्याचें बिल, विजेचें बिल व सोसायटीची वर्गणी मात्र त्याच घरांतून वेळच्या वेळीं जात होती.