काचेवरची वही

सोयाबीनची पट्टी हातात पडली आणि दाजींनी भाचीला टॅब घेऊन दिला. ती अकरावी सायन्सला धाराशिवला शिकते, शनिवारी एसटीने कळंब तालुक्यातल्या गावी जाते. पाठीवरचं ओझं कमी होईल, झेरॉक्सचा खर्च वाचेल, असा दाजींचा सरळ हिशोब. पंधरा दिवसांनी ती माझ्याकडे आली आणि टॅब पुढ्यात ठेवत म्हणाली, "मामा, ह्याच्यात सगळं हाय, पण पाहिजे तवा काहीच सापडंना."

तिची ही तक्रार सोडवता सोडवता टॅब आतून कसा चालतो, हे आम्हा दोघांनाही कळत गेलं.

आधी लिहिण्याचं बघू. तिने बाजारातून शंभरेक रुपयांचा रबरी टोकाचा पेन आणला होता. अक्षर जाड उमटायचं आणि तळहात टेकला की पानावर भलत्याच रेघा. दोष पेनाचा नव्हता, काचेचा तर मुळीच नव्हता. का, ते कळायला थोडं मागे जाऊ. ५ ऑक्टोबर २०११ ला दिल्लीत विद्यार्थ्यांसाठीचा स्वस्त 'आकाश' टॅब आला, त्याचा पडदा दाबावर चालायचा. वरचा थर दबून खालच्या थराला टेकला की तेवढी जागा नोंदली जाई. त्यामुळे नखानेही काम व्हायचं, पण जोर लावावा लागायचा. पुढच्या वर्षी 'आकाश २' आला. त्या कामात आयआयटी मुंबईचा हात होता आणि त्याचा पडदा आजच्या टॅबसारखा होता. आजच्या काचेखाली न दिसणाऱ्या तारांची बारीक जाळी असते, तिच्यावर किंचित विद्युतभार खेळत असतो. आपलं शरीर वीजवाहक, म्हणून बोट जवळ आलं की त्या जागेचा भार बदलतो आणि टॅबला कळतं. रबरी पेन हे फक्त बोटाचं सोंग. त्यामुळे टॅबच्या लेखी पेनही बोट आणि तळहातही बोटच.

खरा पेन वेगळा असतो. एका प्रकारात पेनात छोटी बॅटरी असते आणि तो स्वतः काचेला खूण पाठवतो. दुसऱ्या प्रकारात, म्हणजे वॅकॉम या जपानी कंपनीच्या तंत्रात, पेनाला लिहिण्यासाठी बॅटरीच लागत नाही. पडद्यामागची पाटी चुंबकीय क्षेत्र सोडते, पेनातलं वेटोळं त्यातूनच ऊर्जा घेतं आणि तिलाच उत्तर देतं. टोक दाबलं की उत्तराची लय बदलते, म्हणून रेघ जाड-बारीक करता येते. दोन्ही प्रकारांत पेन जवळ आल्याचं टॅबला आधीच कळतं आणि तो तळहाताकडे दुर्लक्ष करतो. यातली मेख अशी की त्या पेनाला ओळखणारी यंत्रणा टॅबमध्ये मुळातच असावी लागते, मागून बसवता येत नाही. 'कुठलाबी पेन चालतो' असं दुकानदार म्हणाला, तर त्याच्यासमोरच तळहात टेकवून 'ज्ञानेश्वर' असं भरभर लिहून बघावं. शिरोरेषा हाताच्या मागून रेंगाळत आली, तर परीक्षेच्या दिवसांत तो टॅब डोकं उठवेल.

काचेवर लिहिलेलं साठतं कसं, तेही गमतीशीर आहे. वहीच्या पानाचा फोटो काढला की काही एमबी जागा जाते, कारण रिकाम्या जागेचाही प्रत्येक ठिपका साठवावा लागतो. नोट्सचं ॲप मात्र पेन कुठून कुठे गेला, एवढे बिंदूच लिहून ठेवतं. म्हणून पानं हलकी राहतात, मोठी केली तरी फाटत नाहीत आणि एखादी आकृती उचलून दुसरीकडे ठेवता येते. पुस्तकाच्या पीडीएफवर लिहिलेलं मात्र बहुधा मूळ पानाच्या वर वेगळ्या थरात असतं. भाचीने मैत्रिणीला खुणा केलेला धडा पाठवला, तिला कोराच दिसला, तो यामुळे. पाठवताना 'पीडीएफ म्हणून निर्यात' केलं की थर पानाला चिकटतो.

आता न सापडण्याचं दुखणं. मराठी विद्यार्थ्याला टॅब अडतो तो नेमका इथे, आणि टॅबच्या जाहिरातीत याबद्दल चकार शब्द नसतो.

संगणकाला अक्षर दिसत नाही, आकडा दिसतो. युनिकोडमध्ये देवनागरीसाठी १२८ जागांचा गट राखून ठेवलेला आहे. त्यात 'क्ष' म्हणजे क, हलन्त आणि ष असे तीन आकडे. पण युनिकोड सर्रास वापरात येण्याआधी छपाईवाल्यांनी आपापली सोय केली होती. इंग्रजी अक्षरांच्या जागांवर त्यांनी मराठी आकार बसवले, आणि प्रत्येक कंपनीची मांडणी निराळी. अशा फाँटमध्ये जुळवलेलं पुस्तक पडद्यावर स्वच्छ मराठी दिसतं, आत मात्र रोमन अक्षरांची खिचडी असते. 'अभिक्रिया' शोधायला गेलं की टॅब प्रामाणिकपणे सांगतो, असा शब्दच नाही.

यावर आम्ही एक सोपी चाचणी ठरवली. पीडीएफमधला शब्द दाबून धरायचा, कॉपी करायचा आणि व्हॉट्सॲपमध्ये चिकटवायचा. जसाच्या तसा आला तर फाइल चांगली. रोमन कचरा आला तर जुना फाँट. शब्द निवडताच आला नाही तर तो पानाचा फोटो. चौथाही एक प्रकार असतो, 'विज्ञान' चिकटवलं की 'िवज्ञान' येतं. ऱ्हस्व वेलांटी दिसते आधी, पण साठते व्यंजनानंतर. पीडीएफमध्ये अक्षरांऐवजी त्यांचे आकार मांडलेले असतात, आकारावरून अक्षर ओळखायचा तक्ता अपुरा असला की वेलांटी पुढे पळते. फोटोच्या पानांवर अक्षरओळख चालवता येते. गूगल ड्राइव्हमधली फाइल गूगल डॉक्समध्ये उघडली की छापील मराठी बरंचसं ओळखलं जातं, हस्ताक्षराचा भरवसा नाही.

आपल्या जिल्ह्याची यात आणखी एक गंमत. २०२३ मध्ये उस्मानाबादचं धाराशिव झालं. भाचीच्या कागदपत्रांत जुना जातीचा दाखला 'उस्मानाबाद'चा, नवा उत्पन्नाचा दाखला 'धाराशिव'चा. एका नावाने शोधलं की दुसरा दाखला सापडत नाही, गाव तेच असलं तरी.

म्हणून शेवटी सगळा भार फाइलच्या नावावर टाकला. विषय, इयत्ता, धड्याचा क्रमांक, धड्याचं नाव, याच क्रमाने, दर वेळी. क्रमांक '४' न लिहिता '०४' लिहायचा, नाहीतर काही ठिकाणी दहावा धडा दुसऱ्याच्या आधी येऊन बसतो. 'नवीन', 'फायनल', 'फायनल खरं' या नावांवर मी बंदी घातली. ती किती पाळली जाते, ते विचारत नाही.

पाठ्यपुस्तकांचा खर्च नाही. बालभारतीची पुस्तकं पीडीएफ रूपात फुकट उतरवता येतात. डिजिलॉकर २०१५ पासून आहे. दहावीचं गुणपत्रक तिथून थेट घेतलं तर ते कायद्याने मूळ प्रतीसारखंच धरलं जातं, आपण काढलेल्या फोटोला ती किंमत नाही. आणि 'महाज्योती' ही नागपूरची राज्य सरकारी संस्था इतर मागासवर्गीय, भटक्या-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गातल्या मुलांना नीट, जेईई, सीईटीच्या तयारीसाठी टॅब आणि रोज ६ जीबी डेटा देत आली आहे. तेव्हा दुकानात जाण्याआधी त्यांची जाहिरात निघाली आहे का, ते बघावं. हे दाजींना मी उशिरा सांगितलं, त्याची चुटपुट आहे.

लाइटचं काय, हा आजीचा प्रश्न. ७,००० एमएएचची बॅटरी म्हणजे साधारण २७ वॉट-तास. महिनाभर रोज पूर्ण चार्ज केलं तरी वीज लागते एक युनिटच्या आसपास. पण १०,००० एमएएचच्या पॉवर बँकेतून हा टॅब दीड वेळा भरेल असं वाटतं, ते खरं नाही. तिच्यातली ऊर्जा सुमारे ३७ वॉट-तास, त्यातली बरीच व्होल्टेज चढवण्यात आणि उष्णतेत जाते, जेमतेम एकदा भागतं. गावी रात्री लाइट जाते म्हणून ती आता शनिवारी धाराशिवहूनच टॅब भरून निघते. नोट्सची दुसरी प्रत गूगल खात्यात ठेवते. तिथली १५ जीबीची फुकट जागा मेल, फोटो आणि फाइल या तिघांत मिळून असते, त्यामुळे लग्नाचे व्हिडिओ तिथून आधी काढावे लागले.

कागद मात्र घरातून गेलेला नाही. प्रॅक्टिकलचं जर्नल हातानेच लिहायचं आहे, बारावीला बोर्डाचा तीन तासांचा पेपरही हातानेच. काचेवर पेन घसरतो, कागदावर अडतो, आणि सवय मोडली की दोन पानांत बोटं दुखतात, हे तिला पहिल्याच चाचणीत कळलं. आता रविवारी सकाळी टॅब उशीला टेकून उभा असतो, त्यात जुनी प्रश्नपत्रिका, बाजूला घड्याळ, आणि मांडीवर पॅडला लावलेले माझ्या ऑफिसातले पाठकोरे कागद.