जुनी शिडाची नौका पारखताना

येडशीच्या माणसाने शिडाच्या नौकेवर लिहावे, याचे काहींना हसू येईल. आमचे पाणी म्हणजे पावसाळ्यात रामलिंगाजवळ कोसळणारा धबधबा आणि एरवी विहिरीच्या तळाशी दिसेल तेवढे. परंतु जुनी वस्तू पारखून घेण्याची विद्या आमच्या भागाला नवी नाही. बैल घ्यावयाचा तर शेतकरी बाजारात एकटा जात नाही. सोबत एखादा जाणता माणूस नेतो. तो दात पाहतो, चारदाती की जुळलेला ते सांगतो, खूर उचलतो, खांद्यावरून हात फिरवतो आणि बैल चालवून पाहिल्याखेरीज मान हलवीत नाही. जुनी नौका घेणारा मनुष्यही असाच एक जाणता सोबत नेतो. त्यास सर्व्हेअर म्हणतात. बैल खोडाचा निघाला तर एक पेरणी चुकते. नौका खोडाची निघाली तर तिच्यावरील माणसे परत येत नाहीत.

ही परीक्षा फार जुनी आहे. लंडनमध्ये एडवर्ड लॉईडच्या नावाने चालणाऱ्या कॉफीगृहात जहाजांचा विमा उतरविणारे व्यापारी जमत. त्यांनी १७६० साली एक मंडळ स्थापले आणि १७६४ मध्ये जहाजांची नोंदवही छापली. जहाजाच्या सांगाड्यास इंग्रजी स्वरांची श्रेणी देत. उत्तम तो 'ए'. दोर, नांगर आदी सरंजामास पुढे आकडे देऊ लागले. उत्तम तो 'वन'. चहाच्या टपरीवर आपण 'ए-वन' म्हणतो, ते या नोंदवहीतून आलेले आहे! आपल्याकडे मोठ्या जहाजांच्या वर्गवारीसाठी १९७५ साली इंडियन रजिस्टर ऑफ शिपिंग ही संस्था मुंबईत निघाली. लहान नौकेचा सर्व्हेअर मात्र बहुधा स्वतंत्र व्यावसायिक असतो.

त्याला नेमावयाचे घेणाऱ्याने आणि त्याचे शुल्कही घेणाऱ्यानेच द्यावयाचे. विकणाऱ्याने पुढे केलेला सर्व्हेअर, किंवा त्याच्या दलालाचा स्नेही, कामाचा नाही. बैलाच्या बाजारात हेड्याच्या माणसाला कोणी दात पाहावयास सांगत नाही, तसेच हे. किंमत आधी ठरते, इसारही दिला जातो. परंतु 'परीक्षा समाधानकारक झाल्यास' अशी अट त्यात असते. नंतर नौका पाण्याबाहेर उचलून काढतात, कारण खरी गोम पाण्याखालच्या भागात असते.

आजच्या बहुतेक नौका फायबरग्लासच्या, म्हणजे काचेचे तंतू आणि राळ यांच्या थरांच्या. सर्व्हेअर हातात लहानशी हातोडी घेऊन सबंध अंगावर टकटक करीत फिरतो. उन्हाळ्यात माठ घेताना आपण टिचकी मारून नाद ऐकतो, त्यातलाच हा प्रकार. खणखणीत आवाज आला तर थर एकजीव आहेत. भद्द वाजले तर आत थर सुटले आहेत किंवा पाणी मुरले आहे. बाहेरच्या गुळगुळीत लेपातूनही वर्षानुवर्षे पाणी आत झिरपते, राळेतील विरघळणाऱ्या द्रव्यांशी मिसळते आणि फोड येतात. फोड फोडला की आंबूस वासाचा द्रव बाहेर पडतो. अशा फोडांनी नौका लगेच बुडत नाही, पण दुरुस्ती महाग आणि वेळखाऊ असते. डेकवर चालताना पायाखाली दबल्यासारखे वाटले, तर आतील हलके बाल्सा लाकूड कुजले, असा संशय घ्यावा. कडी वा खुंटी बसविलेल्या बोल्टांच्या भोकांतून पाणी शिरते आणि वरून रंग चकचकीतच राहतो. ताज्या रंगाकडे सर्व्हेअर मुद्दाम जास्त वेळ पाहतो, असे म्हणतात. मला ते पटते.

सर्वांत गंभीर जागा म्हणजे कील. नौकेच्या पोटाखाली लोखंडाचे किंवा शिशाचे जे जड पाते असते, त्याच्या वजनामुळे ती वाऱ्याने कलली तरी पुन्हा उभी राहते. हे पाते बोल्टांनी आवळलेले असते. नौका कधी खडकावर आपटली असेल तर सांध्यात चीर दिसते, आतील पाठबळाचा सांगाडा तळापासून सुटू लागतो. २०१४ च्या मे महिन्यात 'चीकी रफीकी' ही इंग्रज नौका अँटिग्वाहून इंग्लंडला परतत असता अटलांटिक महासागरात तिचे कील निखळले. चारही खलाशी गेले. उलटी पडलेली नौका सापडली, तेव्हा जीवरक्षक तराफा आतच होता. पूर्वी अनेकदा जमिनीला टेकणे आणि नंतरच्या दुरुस्त्या यांनी सांधा दुबळा झाला असावा, असे ब्रिटिश चौकशीत निघाले. म्हणून 'ही कधी कोठे आपटली होती काय?' हा प्रश्न विकणाऱ्याला स्पष्ट विचारावा, आणि उत्तर काहीही आले तरी बोल्ट पाहावेत.

डोलकाठी उभी धरणाऱ्या पोलादी तारा वरून कितीही लखलखोत, टोकाशी एखादा धागा तुटला असला तरी बदलाव्यात. दहाएक वर्षांनी तारा बदला, असे विमेवाले बहुधा सांगतातच. येथे एक उदाहरण देतो. गोव्यात बांधलेली 'थुरिया' घेऊन अभिलाष टॉमी २०१८ च्या गोल्डन ग्लोब शर्यतीत उतरले. सप्टेंबरात हिंदी महासागराच्या दक्षिण भागात वादळात डोलकाठी मोडली, पाठीला जबर दुखापत झाली. २०२२ च्या शर्यतीसाठी त्यांनी जुनी नौका घेतली. 'बायानात' हे तिचे नवे नाव. पूर्वी ती 'मातमुत' या नावाने फ्रेंच नाविक जाँ-लुक व्हान डेन हीड यांची होती आणि तिनेच मागील शर्यत जिंकली होती. ती विजयी झाली खरी, पण वाटेत प्रशांत महासागरात एका लाटेने तिला आडवी केले होते आणि डोलकाठीला तारा जोडणारा बोल्ट सरकला होता. वय झालेली, मार खाल्लेली, तरीही भक्कम अशी ती नौका. एप्रिल २०२३ मध्ये अभिलाष दुसरे आले. तेव्हा जुनी म्हणजे टाकाऊ नव्हे. कोठे काय झाले होते, हे ठाऊक मात्र पाहिजे.

इंजिन थंड असतानाच सुरू करून पाहतात, कारण गरम इंजिन आपली खोड लपविते. शिडांची शिवण उन्हाने विरते, ती नखाने ओढून पाहतात. सुकाणू दोन्ही हातांनी हलवून खुळखुळते काय ते बघतात. मग नौका पाण्यात सोडून फेरी मारावयाची.

सर्व्हेअर नौका खोलून पाहत नाही. दुसऱ्याच्या मालकीची वस्तू तोडता येत नाही. त्यामुळे आपल्या अहवालात जे दिसले ते जसे लिहितो, तसेच जे दिसू शकले नाही तेही लिहितो. अनुभवी माणसे हा दुसरा भाग आधी वाचतात म्हणे. दोष निघाले की पुन्हा बोलणी: किंमत उतरवा, नाहीतर दुरुस्त करून द्या, नाहीतर इसार परत करा. आमच्या बाजारात हीच घासाघीस रुमालाखाली बोटे दाबून होते. तेथे ती टंकलिखित कागदावर होते आणि त्या कागदाची एक प्रत विमा कंपनीकडे जाते.