प्रेसमडपासून स्फुरदयुक्त खत : धंदा आहे, पण आधी गोणीचं गणित करा



शिरूर-दौंडमध्ये उसावरचा धंदा म्हटलं की आपल्याला गुऱ्हाळ नाहीतर रसवंती आठवते. आज आपण कारखान्याच्या मागच्या दाराने निघणाऱ्या मालाबद्दल बोलू, म्हणजे प्रेसमडबद्दल. काही जण याला मळी म्हणतात. पण मोलॅसिसलाही मळीच म्हणतात, म्हणून सौदा करताना प्रेसमड हाच शब्द वापरा.

100 टन ऊस गाळला की साधारण 3 ते 4 टन प्रेसमड निघते. न्हावऱ्याचा घोडगंगा, पाटसचा भीमा, आलेगावचा दौंड शुगर हे आपल्या पट्ट्यातले कारखाने. यंदा कोणाचं गाळप चालू आहे, ते आधी विचारा.

गरज कुठे आहे?

आपल्या काळ्या, चुनखडीयुक्त जमिनीत टाकलेलं स्फुरद चुन्याशी बांधलं जातं आणि उसाच्या मुळाला कमी मिळतं. प्रेसमड कुजताना सेंद्रिय आम्लं तयार होतात. त्यात रॉक फॉस्फेट आणि स्फुरद विरघळवणारे जिवाणू (पीएसबी) घालून कुजवलं, की स्फुरदयुक्त सेंद्रिय खत, म्हणजे 'प्रॉम' तयार होतं. नुसतं कालवून गोणी भरू नका. अशा जमिनीत कच्चं रॉक फॉस्फेट फारसं विरघळत नाही. शेतकरी एकदा फसला की पुन्हा तुमच्या दारात येणार नाही.

माल किती लागेल?

खत नियंत्रण आदेशानुसार प्रॉममध्ये किमान 10.4 टक्के स्फुरद लागतं. रॉक फॉस्फेट 18 टक्क्यांचं आणि कुजलेल्या प्रेसमडमध्ये 2 टक्के स्फुरद धरू. मग एक टन तयार मालात 550 किलो रॉक फॉस्फेट (99 किलो स्फुरद) आणि 450 किलो कंपोस्ट (9 किलो स्फुरद). एकूण 108 किलो, म्हणजे 10.8 टक्के. निम्मं-निम्मं घातलं तर 10 टक्केच भरतं आणि नमुना नापास होतो!

भाव किती ठेवाल?

शेतकरी पहिला प्रश्न विचारणार, "डीएपीपेक्षा परवडतं का?" 1,350 रुपयांच्या डीएपी गोणीत 23 किलो स्फुरद आणि 9 किलो नत्र असतं. युरियाच्या भावाने नत्राचे साधारण 116 रुपये वजा केले, तर स्फुरद किलोला साधारण 54 रुपये पडतं. तुमच्या 50 किलोच्या गोणीत स्फुरद फक्त 5.2 किलो. म्हणजे स्फुरदाच्या हिशेबाने गोणीची किंमत पावणेतीनशेच्या आसपास, टनाला साडेपाच हजार. रॉक फॉस्फेट, वाहतूक, मजुरी, गोणी, तपासणी हे सगळं यातच बसवायचंय. सेंद्रिय कर्बाचा फायदा सांगून थोडं जास्त मागता येईल, पण धंदा त्या भरवशावर उभा करू नका.

तीन ठिकाणी पाय घसरतो

1. ओल्या प्रेसमडमध्ये निम्म्याहून जास्त पाणी असतं. लांबून आणली तर तुम्ही पाण्याचं भाडं भरता.

2. प्रेसमड मिळते गाळपात आणि आडसाली लागण असते जुलै-ऑगस्टमध्ये. तोवर भांडवल अडकून राहतं.

3. प्रेसमडपासून बायोगॅस काढणारेही आता गिऱ्हाईक आहेत. गोबरधन योजनेतल्या प्रकल्पांच्या सेंद्रिय खताला केंद्राने 2023 मध्ये टनाला 1,500 रुपये विक्री साहाय्य मंजूर केलं. म्हणजे तुमच्या स्पर्धकाला आधीच हात मिळालाय.

म्हणून पहिल्या वर्षी एकच ढीग लावा. माल प्रयोगशाळेत तपासा आणि स्वतःच्या किंवा भावकीतल्या उसात दोन सऱ्यांना खत, दोन कोऱ्या असं करून बघा. विक्री मात्र कृषी विभागाकडून परवान्याची माहिती घेतल्यावरच.

आजचा गृहपाठ : जवळच्या कारखान्यात प्रेसमडचा टनाचा भाव आणि घरपोच ट्रॉलीचं भाडं विचारा. वहीत लिहा, साडेपाच हजारांतून वजा करा. काही उरतंय का, ते कमेंटमध्ये सांगा!