ऐकू येणे आणि कळणे : मिक्सरवरील एका उभ्या रांगेचा अभ्यास

मराठी संगीत रंगभूमीची पहिली काही दशके ध्वनिक्षेपकाशिवाय गेली. १८८० साली पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ रंगमंचावर आले तेव्हा शेवटच्या रांगेपर्यंत पद पोहोचवण्याची जबाबदारी सर्वस्वी गाणाऱ्याच्या गळ्यावर होती. पुढे माईक आला आणि ही जबाबदारी दोघांत वाटली गेली. एक गाणारा, दुसरा सभागृहाच्या मागच्या बाजूला मिक्सरपाशी बसलेला. पहिल्याविषयी आपण भरभरून लिहिले आहे. दुसऱ्याची आठवण होते ती बहुधा शिट्टी वाजली की.

श्रोत्यांच्या तक्रारी मुख्यतः दोन असतात : ‘ऐकू येत नाही’ आणि ‘शब्द कळत नाहीत’. या दोन तक्रारी वेगळ्या, त्यांची कारणे वेगळी. पण दोहोंवर उपाय एकच सुचवला जातो, ‘आवाज वाढवा’. मिक्सरची रचना समजून घेतली तर हा उपाय अनेकदा का फसतो हे ध्यानात येते.

मिक्सर पाहिला की शेकडो नॉब पाहून माणूस दबकतो. प्रत्यक्षात तिथे एकच उभी रांग पुन्हापुन्हा मांडलेली असते. गायकाच्या माईकसाठी एक, तबल्यासाठी एक, डग्ग्यासाठी एक, पेटीसाठी एक, तानपुऱ्यांसाठी एक-दोन. या एका रांगेला चॅनेल म्हणतात. एक चॅनेल समजला की सगळा मिक्सर समजायला सोपा. ध्वनीचा विद्युत संकेत या रांगेतून साधारणपणे वरून खाली वाहतो, आणि कालव्यासारखाच नियम इथेही लागू पडतो : मुखाशी गढूळ झालेले पाणी शेवटच्या दाराशी स्वच्छ करता येत नाही.

मुखाशी : गेन

सर्वांत वर गेन. माईकमधून निघणारा संकेत अगदी क्षीण, काही मिलिव्होल्टचा असतो. पुढची यंत्रे साधारण एका व्होल्टच्या आसपास काम करतात. ही दरी गेन भरून काढतो. साठ डेसिबल गेन म्हणजे संकेताचा व्होल्टेज हजारपट. कंडेन्सर जातीच्या माईकला चालण्यासाठी वीज लागते. ती ४८ व्होल्टची, त्याच तारेतून मिक्सर पाठवतो. तिला फॅंटम पॉवर म्हणतात. तिचा खटका चालू-बंद करताना चॅनेल म्यूट ठेवावा, नाहीतर स्पीकरमधून मोठा धमाका ऐकू येतो.

गेन कमी ठेवला तर पुढे आवाज वाढवताना खरखरही वाढते. जास्त ठेवला तर तार सप्तकातल्या तानेला संकेताचे शिखर छाटले जाते आणि आवाज फाटतो. असा फाटलेला आवाज फेडर खाली ओढला तरी फाटलेलाच राहतो, फक्त हळू. म्हणून ध्वनिचाचणीत गायकाला षड्ज लावायला सांगून भागत नाही. मैफलीत जितक्या जोराने गायचे तितक्या जोराने गायला सांगावे. त्या चॅनेलचे पी. एफ. एल. बटण दाबले की फेडरच्या आधीचा संकेत हेडफोनवर आणि मीटरवर येतो. मीटर शून्याच्या आसपास खेळावा, लाल दिवा मात्र कधीच लागू नये.

गेनपेक्षाही वरचे एक नियंत्रण मिक्सरवर नसतेच. ते म्हणजे अंतर. गायकाचे तोंड आणि माईक यांतले अंतर निम्मे केले की माईकला पोहोचणारा आवाज सुमारे सहा डेसिबलने वाढतो, खोलीचा घुमारा मात्र तेवढाच राहतो. मोकळ्या अंगाने गाणाऱ्या कलावंताची मान वळते, हात फिरतात. तिथे माईकची जागा अगोदर विचारून ठरवणे हे निम्मे काम.

मधला टप्पा : काढणे आणि घालणे

गेनखाली बहुतेक मिक्सरवर लो-कटचे बटण असते. साधारण ८० ते १०० हर्ट्झच्या खालचे ध्वनी ते गाळते : मंचावरच्या पावलांचा धप्प आवाज, वाऱ्याची घरघर, माईकला लागलेला हात. गायकाच्या चॅनेलवर ते दाबलेले बरे. डग्ग्याच्या चॅनेलवर नको, कारण त्याच्या घुमाऱ्याचा पाया तिथेच आहे.

मग येतो इक्वलायझर, म्हणजे खर्ज, मध्य आणि वरचा भाग वेगवेगळा कमी-जास्त करणारे नॉब. ‘शब्द कळत नाहीत’ या तक्रारीचे उत्तर बहुधा इथे सापडते. भाषेतील स्वर खालच्या आणि मधल्या कंप्रतेत भरदार वाजतात. पण ‘काल’ आणि ‘ताल’ यांतला फरक व्यंजनाने ठरतो, आणि व्यंजनांची ओळख पटवणारा बराचसा भाग २००० ते ४००० हर्ट्झच्या आसपास असतो. माईकच्या फार जवळ गायले की बहुतेक माईक खर्ज फुगवतात. २०० ते ४०० हर्ट्झच्या पट्ट्यात गाळ साचतो आणि व्यंजने त्यात बुडतात. अशा वेळी फेडर वर नेला तर गाळही तितकाच वर येतो. तो पट्टा तीन-चार डेसिबलने उतरवला की आवाज न वाढवता शब्द उघडे पडतात. आधी काढून पाहावे आणि मगच घालावे, हा इथला शहाणपणा आहे. घातलेला प्रत्येक डेसिबल शिट्टीच्या दिशेने एक पाऊल असतो.

तबल्याबाबत जास्त जपावे लागते. शाईमुळे तबल्याच्या उपस्वरांत सुरेल नाते निर्माण होते, हे सी. व्ही. रामन यांनी १९२० साली दाखवून दिले. हे उपस्वर मधल्या पट्ट्यात पसरलेले असतात. तिथे बेफिकिरीने कात्री चालवली तर सुरात लावलेला तबला नुसता टकटकतो.

कलावंताच्या कानासाठी

यानंतरचे ऑक्झिलरी नॉब प्रेक्षकांसाठी नसतात. त्यांतून वेगळी मिश्रणे निघतात : एखादे गायकासमोरच्या मॉनिटरसाठी, एखादे इकोसाठी. मॉनिटरचे मिश्रण फेडरच्या आधी घ्यावे, म्हणजे सभागृहातला आवाज कमी-जास्त केला तरी गायकाला ऐकू येणारा तानपुरा हलत नाही. इकोचे नंतर घ्यावे, म्हणजे मूळ आवाज उतरला की त्याची सावलीही उतरते.

कार्यक्रम सुरू झाल्यावर गेनला हात लावू नये, असे जाणकार सांगतात त्याचे कारण इथेच आहे. गेन या सगळ्याच्या वर असल्याने तो फिरवला की मॉनिटरही बदलतो. रंगात आलेल्या गायकाला अचानक स्वतःचा आवाज मोठा किंवा लहान ऐकू येतो, आणि तो नकळत गळ्यावर ताण देतो किंवा आखडता घेतो.

शेवटी : फेडर

पॅनचा नॉब आवाज डाव्या-उजव्या बाजूला सरकवतो. घरच्या श्रवणात त्याची मौज आहे. सभागृहात एका टोकाला बसलेल्याला दुसऱ्या टोकाची पेटी गमावावी लागते, म्हणून तो मध्याजवळच बरा.

सर्वांत खाली फेडर. त्याच्यावरच्या खुणा समान अंतरावर नसतात. शून्याजवळ बोटभर सरकवले तर काही डेसिबलचा फरक पडतो, तळाशी तेवढ्याच हालचालीत वीस-तीस डेसिबल उडून जातात. म्हणून गेन असा लावावा की फेडर शून्याच्या आसपास राहील आणि बारीक काम करता येईल. कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण दहा डेसिबल लागतात. बहुतेक दुरुस्त्या दोन-तीन डेसिबलच्या असतात. ज्या माईकपुढे कोणी नाही तो म्यूट करावा. उघड्या माईकांची संख्या दुप्पट झाली की शिट्टीआधीची मोकळीक सुमारे तीन डेसिबलने घटते.

या सगळ्याचा संबंध केवळ तंत्रज्ञाशी नाही. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार सार्वजनिक ठिकाणच्या हद्दीवर ध्वनिक्षेपकाचा आवाज परिसराच्या पातळीपेक्षा १० डेसिबलने जास्त किंवा ७५ डेसिबल, यांपैकी जे कमी असेल त्याच्या आत राहावा लागतो. आवाज वाढवण्याला कायद्याची, शेजाऱ्यांची आणि आपल्या कानांची मर्यादा आहे. स्पष्टतेला तशी मर्यादा नाही. ती मिळते मंच सजवण्याआधीच्या चाचणीत. आपल्याकडे सत्कार, प्रास्ताविक आणि दीपप्रज्वलन यांच्या वेळा पत्रिकेत छापल्या जातात, चाचणीची वेळ मात्र उरलीसुरली असते. आयोजकांनी कलावंत आणि मिक्सरवरचा माणूस यांना एकत्र अर्धा तास दिला, तर शेवटच्या रांगेतल्या श्रोत्याला पद ऐकूही येईल आणि कळेलही.