आर्त हाक आणि धम्माची कसोटी : सिंधमधील अस्पृश्य व लंकेतील तमिळ

एखादा समाज स्वतःच्या भूमीतून उखडला जातो, देशोदेशी विखुरतो आणि मागे राहिलेल्या बांधवांवरील अत्याचार थांबविण्यासाठी जगाकडे साहाय्य मागतो. त्या हाकेस प्रतिसाद कोणी व कसा द्यावा? लंडन, पॅरिस, टोरांटो आदी शहरांत वसलेल्या श्रीलंकेच्या तमिळांनी १९८३ पासून अशी हाक सातत्याने दिली आहे. भारतातील बौद्धांना ती ऐकणे जड जाते. कारण ज्या राज्यसत्तेविरुद्ध ही तक्रार आहे, ती स्वतःस बौद्ध धम्माची रक्षक म्हणविते. आपल्याच धर्मबांधवांविरुद्धची फिर्याद ऐकून घेण्यास मन सहसा तयार होत नाही.

या प्रश्नाचा विचार आम्ही उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या परिसराच्या इतिहासापासून सुरू करू इच्छितो. विस्थापितांची हाक म्हणजे काय, हे या भूमीस पुस्तकातून शिकावे लागलेले नाही.

कॅम्पांची वस्ती आणि न आलेली माणसे

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कल्याणजवळ लष्करी छावण्या होत्या. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना त्याच बराकींत आश्रय देण्यात आला. पाच कॅम्पांत मिळून त्यांची संख्या ९० हजारांच्या वर गेली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते येथे नव्या नगराची कोनशिला बसविण्यात आली आणि उल्हास नदीवरून त्यास उल्हासनगर हे नाव मिळाले. पत्ता सांगताना लोक आजही कॅम्पचा क्रमांक सांगतात. पुढे अंबरनाथच्या ऑर्डनन्स कारखान्याने निरनिराळ्या प्रांतांतील कामगार येथे आणले, आणि बदलापूरपर्यंतच्या पट्ट्यात महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून आलेली बौद्ध कुटुंबेही स्थिरावली.

सिंध १ एप्रिल १९३६ पर्यंत मुंबई इलाख्याचाच भाग होता. १९४१ च्या जनगणनेनुसार तेथील सुमारे चतुर्थांश लोक हिंदू होते. ६ जानेवारी १९४८ रोजी कराचीत दंगल झाली आणि स्थलांतराचा वेग एकदम वाढला. ज्यांच्याजवळ थोडाफार पैसा, शिक्षण वा ओळखीपाळखी होत्या, त्यांना जहाज किंवा आगगाडी गाठता आली. त्यांचे हाल भयंकर झाले यात शंका नाही. घरदार, शेती, दुकाने टाकून अंगावरच्या वस्त्रांनिशी आलेल्या माणसांनी बराकीत गोणपाटाचे आडोसे करून संसार मांडले. त्यांच्या दुःखाची नोंद इतिहासाने काही प्रमाणात घेतली आहे. परंतु त्याच सिंधमध्ये निघण्याची इच्छा असूनही ज्यांस निघू दिले गेले नाही, त्यांची नोंद फारशी कोणी घेतली नाही. हे लोक म्हणजे तेथील अस्पृश्य होत.

बाबासाहेबांनी ऐकलेली हाक

पाकिस्तानातील अस्पृश्यांच्या तक्रारी केंद्रीय कायदामंत्री डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्याकडे येऊ लागल्या होत्या. नोव्हेंबर १९४७ च्या अखेरीस त्यांनी जाहीर निवेदन काढले. पाकिस्तानात अडकलेल्या अस्पृश्यांनी मिळेल त्या मार्गाने भारतात यावे, असे त्यांनी सांगितले. केवळ सवर्ण हिंदूंवरील रागापोटी मुस्लिम लीगवर विसंबणे घातक ठरेल, असा इशारा दिला. ज्यांचे बळजबरीने धर्मांतर झाले त्यांना पूर्वीच्याच बंधुभावाने परत सामावून घेतले जाईल, असे आश्वासनही दिले.

१८ डिसेंबर १९४७ रोजी त्यांनी पंतप्रधान नेहरूंना सविस्तर पत्र लिहिले. अस्पृश्यांचे स्थलांतर पाकिस्तान सरकार रोखत आहे आणि त्यामागे हलकी कामे व भूमिहीन मजुरी करणारे हात गमावू नयेत हा हेतू आहे, असे त्यांनी दाखवून दिले. सफाई कामगारांना ‘अत्यावश्यक सेवे’त घालण्यात आले होते आणि एक महिन्याची पूर्वसूचना दिल्यावाचून त्यांना सोडले जात नव्हते. ज्यांना माणूस म्हणून शिवणे निषिद्ध, त्यांचे श्रम मात्र राज्यास अत्यावश्यक! परंतु बाबासाहेब पाकिस्तानला दोष देऊन थांबले नाहीत. भारतात पोहोचलेल्या अस्पृश्य निर्वासितांपर्यंत सरकारी मदत नीट पोहोचत नाही आणि पूर्व पंजाबात जमीनवाटपात त्यांची उपेक्षा होते, हेही त्यांनी त्याच पत्रात मांडले.

बाबासाहेबांच्या या कृतीतून विस्थापितांची हाक ऐकण्याची एक रीत आमच्या हाती लागते. पीडित समाज एकसंध नसतो. त्याच्या पोटातही उतरंड असते, आणि हाक जगापर्यंत पोहोचविण्याची साधने बहुधा वरच्या थराकडे असतात. म्हणून जो आवाज ऐकू येतो त्याच्याखाली कोणता आवाज दबला आहे, हे विचारावे लागते. सिंधमध्ये राहिलेल्या मेघवाड, कोळी, भिल्ल समाजांतील अनेक कुटुंबे आजही जमीनदारांच्या शेतावर कर्जापोटी वेठीने राबतात. थरपारकर, उमरकोट या भागांतील हिंदूंपैकी मोठा भाग याच समाजांचा आहे.

लंकेतील तक्रार

आता हीच रीत श्रीलंकेस लावून पाहू. १९४८ साली स्वतंत्र सिलोनच्या संसदेने नागरिकत्वाचा कायदा केला. ब्रिटिशांनी मळ्यांवर नेलेल्या भारतीय वंशाच्या तमिळ मजुरांपैकी ७ लाखांहून अधिक लोक त्यामुळे कोणत्याच देशाचे नागरिक उरले नाहीत. पुढल्याच वर्षी त्यांचा मताधिकारही गेला. १९५६ साली सिंहली ही एकमेव राजभाषा ठरली. १९५७ साली पंतप्रधान बंदरनायके यांनी तमिळ नेते चेल्वनायकम् यांच्याशी समझोता केला, परंतु १९५८ मध्ये भिक्खूंनी त्यांच्या निवासस्थानासमोर ठाण मांडल्यावर त्यांनी तो रद्द केला. १९५९ साली एका भिक्खूनेच त्यांच्यावर प्राणघातक गोळ्या झाडल्या. १९७२ च्या राज्यघटनेने बौद्ध धम्मास अग्रस्थान दिले. १९८१ साली जाफन्याचे ग्रंथालय जाळण्यात आले, त्यात सुमारे ९७ हजार ग्रंथ भस्मसात झाले. जुलै १९८३ मध्ये तेरा सैनिकांच्या हत्येनंतर कोलंबोत आणि अन्यत्र तमिळांची घरे, दुकाने व माणसे वेचून जाळण्यात आली. त्या दिवसांत अनेक सिंहली बौद्धांनी तमिळ शेजाऱ्यांना आपल्या घरात लपविले, हेही येथे नोंदविले पाहिजे. मे २००९ मध्ये युद्ध संपले. त्याच्या अखेरच्या टप्प्यात ४० हजारांपर्यंत नागरिक मरण पावले असावेत, असे संयुक्त राष्ट्रांच्या महासचिवांनी नेमलेल्या तज्ज्ञमंडळाने २०११ साली म्हटले.

ही हकीकत बौद्ध वाचकास क्लेशकारक आहे, परंतु ती झाकून धम्माचा गौरव होत नाही. तमिळ म्हणजे बौद्धांचा जन्मजात वैरी, ही कल्पना तर इतिहासालाच धरून नाही. ‘मणिमेखलै’ हे तमिळ महाकाव्य बौद्ध आहे. आधुनिक काळात पंडित अयोथीदास या तमिळ विचारवंताने १८९८ साली लंकेत जाऊनच बौद्ध धम्म स्वीकारला.

या तक्रारीच्या खालचा आवाज कोणाचा, हे आता पाहू. मळ्यांवरील मजुरांपैकी बहुसंख्य तमिळ प्रदेशातील अस्पृश्य जातींतून आलेले होते. त्यांचा मताधिकार हिरावला जात असताना तमिळ काँग्रेसचे नेते पोन्नंबलम् सरकारसोबत राहिले. याच मुद्द्यावर चेल्वनायकम् त्यांच्यापासून वेगळे झाले आणि १९४९ साली फेडरल पक्ष निघाला. १९६४ च्या शास्त्री–सिरिमावो कराराने या मजुरांची वाटणी केली : ५ लाख २५ हजार भारताकडे, ३ लाख सिलोनकडे, उरलेल्यांचे पुढे पाहू! स्वतः जाफन्यात १९६८ साली माविट्टपुरम् येथील मंदिरप्रवेशासाठी अस्पृश्यांना लढा द्यावा लागला आणि त्यांस अडविणारे तमिळच होते.

बाबासाहेब मे १९५० मध्ये कँडी येथील जागतिक बौद्ध परिषदेस गेले होते. कोलंबोच्या सभेत त्यांनी तेथील अस्पृश्यांना धम्म स्वीकारण्यास सांगितले आणि त्याचबरोबर लंकेच्या बौद्धांना विनंती केली, की त्यांनी या लोकांना आपलेसे करावे आणि पित्याच्या मायेने त्यांचे हित पाहावे. ज्या देशात हे शब्द उच्चारले गेले, त्या देशाने दोनच वर्षांपूर्वी लाखो मळेमजुरांचे नागरिकत्व काढून घेतले होते. बाबासाहेबांची ती विनंती ऐकली गेली असती, तर लंकेचा पुढील इतिहास कदाचित वेगळा झाला असता, असे आम्हांस वाटते.

तथागतांचे उदाहरण

अशा प्रसंगी धम्म काय सांगतो? अट्ठकथांत विडूडभाची कथा आहे. कोसलराजा प्रसेनजिताने शाक्यांकडे कन्या मागितली. कुळाच्या अभिमानाने शाक्यांनी दासीकन्या वासभखत्तिया हिला राजकन्या म्हणून पाठविले. तिचा पुत्र विडूडभ कपिलवस्तूस आला, तेव्हा तो बसलेले आसन दुधापाण्याने धुऊन काढण्यात आले. हा अपमान त्याच्या जिव्हारी लागला. राजा झाल्यावर तो शाक्यांचा संहार करण्यास निघाला. सीमेवर तथागत एका विरळ पानांच्या झाडाखाली उन्हात बसले होते. जवळच विडूडभाच्या हद्दीत दाट वटवृक्ष असता येथे का बसलात, असे त्याने विचारले, तेव्हा आप्तांची सावली शीतल असते, अशा आशयाचे उत्तर मिळाले. विडूडभ परतला. असे तीनदा झाले.

या कथेत तथागत पीडितांच्या बाजूच्या उन्हात बसतात, कोणतेही सैन्य उभे करीत नाहीत, आणि शाक्यांचा जात्यभिमान हेच वैराचे मूळ होते हे कथा लपवीत नाही. पीडितांची बाजू घ्यावयाची, पण त्यांच्या दोषांवर पांघरूण घालावयाचे नाही, ही भूमिका आम्हांस धम्मानुकूल वाटते.

साधनांचा विचारही येथेच येतो. तमिळ वाघांच्या संघटनेने १९८५ साली अनुराधपूर येथे बोधिवृक्षाच्या परिसरात निरपराध माणसे मारली आणि ऑक्टोबर १९९० मध्ये उत्तरेतील मुसलमानांना घरदार सोडून जाण्यास भाग पाडले. काल ज्यांना हाकलले, त्यांनीच आज दुसऱ्यांस हाकलले. तमिळांच्या न्याय्य तक्रारीस यामुळे बाध येत नाही. मात्र अशा साधनांना साहाय्य करणे कोणाही उपासकास शक्य नाही.

आपले कर्तव्य

म्हणून असे आवाहन आपल्यापुढे येईल तेव्हा तीन प्रश्न विचारावेत, असे आम्ही सुचवितो. छळ खरोखर होत आहे काय? होत असेल, तर छळणाऱ्याचा धर्म पाहू नये. या आवाहनात कोणाचे नाव राहून गेले आहे? मळेमजूर, अस्पृश्य, हाकललेले मुसलमान यांची नावे त्यात घालण्याचा आग्रह धरावा. आणि मागितलेले साहाय्य कशासाठी आहे? अन्न, औषध, शिक्षण, नागरिकत्व आणि न्याय यांसाठी असेल, तर हात आखडता घेऊ नये.

भारतापुरते बोलावयाचे, तर २०१९ च्या नागरिकत्व दुरुस्ती कायद्यात पाकिस्तान, बांगलादेश व अफगाणिस्तान या तीन देशांतून आलेल्या सहा धर्मीयांचा विचार झाला आहे. श्रीलंका त्यात नाही. तमिळनाडूतील छावण्यांत दशकानुदशके राहिलेल्या लंकेच्या तमिळांना त्या कायद्याचा लाभ नाही. एकेकाळी ज्या वस्तीतील प्रत्येक घर छावणीतले होते, त्या वस्तीने त्यांच्यासाठी शब्द टाकणे उचित होईल.

आणखी एक काम केवळ बौद्धांनाच करता येण्याजोगे आहे. लंकेच्या भिक्खुसंघास परक्यांचा उपदेश शत्रुत्वाचा वाटतो. बुद्धाला शरण गेलेल्यांचे पत्र तसे वाटण्याचे कारण नाही. आपल्या विहारांनी, बौद्ध मंडळांनी असे पत्र लिहावे. त्यात बाबासाहेबांनी १९५० साली कोलंबोत केलेल्या विनंतीचे नम्रपणे स्मरण द्यावे आणि मळ्यांवरील तसेच उत्तर-पूर्वेकडील तमिळांना समान नागरिक म्हणून वागविण्याची मागणी स्पष्ट शब्दांत करावी. ते पत्र पाली, सिंहली वा इंग्रजी कोणत्याही भाषेत असो, त्याखाली सही करणारे हात उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरचे असावेत, अशी आमची इच्छा आहे.