चुकीच्या पत्त्यावर पोहोंचलेलें पत्र

मनुष्य मरण पावतो तेव्हां मागें राहिलेल्यांचें दुःख दोन प्रकारचें असतें. तो आतां पुन्हां दिसणार नाहीं हें एक. आणि त्याला जें विचारावयाचें होतें तें राहून गेलें हें दुसरें. पहिल्या दुःखावर काळ हाच उपाय. दुसऱ्यापुढें मात्र काळाचेंहि फारसें चालत नाहीं. कारण प्रश्न तसाच राहतो आणि उत्तर देणारा निघून गेलेला असतो. 'लव्ह लेटर' हा जपानी चित्रपट या दुसऱ्या दुःखाविषयींचा आहे. ता. २५ मार्च १९९५ रोजीं तो जपानांत प्रदर्शित झाला. त्याचे दिग्दर्शक शुन्जी इवाई यांचा जन्म १९६३ सालीं सेंदाई येथें झाला. पूर्वीं दूरचित्रवाणीच्या नाटिका आणि गाण्यांच्या चित्रफिती करणाऱ्या इवाई यांचा हा पहिलाच पूर्ण लांबीचा चित्रपट होय. पहिल्या प्रेमाची आणि पत्रांची कथा म्हणून त्याची ख्याति आहे. परंतु त्यांत जीं पत्रें लिहिलीं जातात, त्यांपैकीं एकहि रूढ अर्थानें प्रेमपत्र नाहीं, ही गोष्ट प्रथमच ध्यानांत घेतली पाहिजे.

कथेचा आरंभ बर्फांत होतो. कोबे शहरांत राहणारी वातानाबे हिरोको ही तरुणी आपल्या वाग्दत्त वराच्या श्राद्धविधीस आलेली आहे. त्याचें नांव फुजिई इत्सुकी. जपानी रीतीप्रमाणें आडनांव आधीं आणि स्वतःचें नांव मागाहून येतें. गिर्यारोहणास गेला असतां डोंगरावर त्याला मृत्यु आला, त्यास आतां दोन वर्षें झालीं. विधि आटोपल्यावर हिरोको त्याच्या आईबरोबर घरीं जाते आणि तेथें त्याच्या शाळेचें जुनें स्मरणपुस्तक तिच्या हातीं येतें. जपानांत शाळा सोडतांना मुलांना छायाचित्रांचें असें पुस्तक मिळतें व पूर्वीं त्यांत सोबत्यांचे पत्तेहि दिलेले असत. ही शाळा दूर उत्तरेस, होक्काइडो बेटावरील ओतारू या बंदराच्या गांवीं होती. तेथील घर पाडून त्या जागेवरून आतां हमरस्ता गेला आहे, असें आई सांगते. तरीहि यादींत ओळखीचें नांव दिसतांच हिरोको तो पत्ता आपल्या हातावर उतरून घेते आणि घरीं येऊन त्या पत्त्यावर पत्र धाडते. घर नाहीं आणि माणूसहि नाहीं, म्हणजे हें पत्र कोणालाच पोहोंचणार नाहीं, अशी तिची खात्री आहे. आणि म्हणूनच तिला तें लिहितां येतें.

पत्रांत मजकूर म्हणावा असा कांहीं नाहींच. आपण कसे आहांत, मी बरी आहें, एवढेंच. जपानी पत्रव्यवहारांत प्रारंभीं ऋतुमानाचा उल्लेख आणि कुशलप्रश्न यांची जुनी पद्धत आहे. आपल्याकडेहि येथील क्षेम कळवून समोरच्याचें कुशल विचारल्याखेरीज पूर्वीं पत्र पुढें सरकत नसे. नित्याच्या वापरानें असल्या शब्दांतील अर्थ झिजून जातो. परंतु तेच शब्द मृताला उद्देशून लिहिले कीं त्यांतील प्रत्येक शब्द पुन्हां खरा होतो. तूं कसा आहेस, हा प्रश्न तेथें विचारतां येत नाहीं. आणि मी बरी आहें, हें विधान तर त्याहून कठीण, कारण तें अद्याप खरें झालेलें नाहीं.

या पत्राला उत्तर येतें. आपण बरे आहोंत, जरा पडसें झालें आहे, असें त्यांत लिहिलेलें असतें आणि खालीं नांव असतें फुजिई इत्सुकी!

येथें भुताखेतांचा कांहीं संबंध नाहीं. इत्सुकी हें नांव मुलाचेंहि असतें आणि मुलीचेंहि. त्या शाळेंत, एकाच वर्गांत, त्याच नांवाची व त्याच आडनांवाची एक मुलगीहि होती. हिरोकोनें उतरून घेतलेला पत्ता तिचा होता. ती मुलगी आतां ओतारूच्या ग्रंथालयांत काम करते आणि आई व आजोबांसह जुन्या घरांत राहते. अनोळखी बाईचें पत्र आलें तेव्हां गमतीनें तिनें उत्तर धाडलें. पुढें खुलासा होतो. तरीहि पत्रव्यवहार थांबत नाहीं. हिरोको तिच्याकडे एकच मागणें मागते: त्या मुलाविषयीं जें जें आठवत असेल तें लिहून पाठवावें.

आठवणी येऊं लागतात. एकच नांव असलेलीं मुलगा व मुलगी एका वर्गांत आलीं म्हणजे काय होतें, हें ज्यानें शाळा पाहिली आहे त्याला सांगावयास नको. हजेरीच्या वेळीं दोघेहि एकदम उत्तर देतात, वर्ग हंसतो, फळ्यावर दोघांचीं नांवें जोडून लिहिलीं जातात, मुद्दाम मतें देऊन दोघांना ग्रंथालयाच्या कामावर एकत्र नेमलें जातें. मुलगा अबोल, हट्टी आणि विक्षिप्त. परीक्षेच्या उत्तरपत्रिकांची अदलाबदल झाली तेव्हां मुलगी संध्याकाळपर्यंत सायकलींच्या छपरीखालीं त्याची वाट पाहते. तो येतो आणि सायकलीच्या दिव्याच्या उजेडांत, चाक फिरवीत ठेवून, सावकाश आपले गुण तपासतो. लिहिणारीच्या मनांत या सर्वाचा अर्थ एकच: तो मुलगा त्रासदायक होता. वाचणारीला मात्र ओळींमधून निराळेंच कांहीं दिसूं लागतें.

चित्रपटांतील खरा पेंच येथें आहे. हिरोको ओतारूला जाऊन येते. दोघींची प्रत्यक्ष भेट होत नाहीं, पण रस्त्यावरील गर्दींत तिला क्षणभर त्या दुसऱ्या स्त्रीचें दर्शन घडतें. तो चेहरा तिच्या स्वतःच्याच चेहऱ्यासारखा आहे. इवाई यांनीं दोन्ही भूमिका मिहो नाकायामा या एकाच अभिनेत्रीकडे दिल्या, त्याचें कारण हेंच. आपण प्रथमदर्शनींच प्रेमांत पडलों असें तो हिरोकोला म्हणाला होता आणि तिनें तें मानलें होतें. आतां तिला शंका येते कीं, त्या प्रथमदर्शनाच्या मागें आणखी एक दर्शन होतें. आपल्या चेहऱ्यांत त्यानें शाळेंतील ती मुलगी पाहिली असावी. जो हयात नाहीं त्याच्यावर रागावतां येत नाहीं, त्याला विचारतां येत नाहीं आणि त्याच्या स्मृतीला पूर्वीप्रमाणें निःशंकपणें कवटाळतांहि येत नाहीं. एखाद्या स्त्रीवर याहून कठीण प्रसंग कोणता यावा?

दुसरीकडे, जिच्यावर कदाचित् तें प्रेम होतें तिला त्याचा पत्ताच नाहीं. या अज्ञानाचा पुरावा ग्रंथालयांत आहे. पूर्वीं अनेक ग्रंथालयांत प्रत्येक पुस्तकाच्या आंत एक कार्ड असे व पुस्तक नेणारा त्यावर आपलें नांव लिही. त्यामुळें आपल्या आधीं तें पुस्तक कोणीं वाचलें हें पुढच्या वाचकास कळत असे. जपानी ग्रंथालय संघानें १९५४ सालीं स्वीकारलेल्या ग्रंथालय-स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यांत १९७९ सालीं सुधारणा केली व वाचकांचें गुपित राखणें हें ग्रंथालयाचें कर्तव्य ठरविलें. कोण काय वाचतो हें दुसऱ्यास कळूं नये, हा विचार योग्यच आहे. परंतु इवाई यांची कथा त्या जुन्या कार्डावर उभी आहे. तो मुलगा कोणीहि न नेलेलीं पुस्तकें शोधून काढी आणि प्रत्येक कार्डावर पहिलें नांव लिही: फुजिई इत्सुकी. मुलीला ती एक विचित्र खोड वाटली होती. पुष्कळ वर्षांनीं त्या शाळेंतील नव्या मुलींनीं हीं कार्डें शोधून काढण्याचा खेळच मांडलेला असतो. हिरोको मात्र हें वाचून एक साधा प्रश्न विचारते: त्या कार्डांवरील नांव खरोखर त्याचें होतें, कीं तुमचें?

हा प्रश्न विचारण्यांतच तिचें मोठेपण आहे. आपल्या हक्काचें म्हणून जें ती कवटाळून बसली होती, तें दुसऱ्याचें असूं शकेल हें ती कबूल करते. पुढें ती सर्व पत्रें इत्सुकीकडे परत धाडते. या आठवणी तुमच्या आहेत, असें तिचें म्हणणें. पत्र ज्यानें धाडलें त्याचें कीं ज्याला आलें त्याचें, असा वाद होऊं शकतो. येथें तें तिसऱ्याच रीतीनें सुटतें: ज्याचें आयुष्य त्या पत्रांत आहे त्याचें तें पत्र.

ओतारूच्या घरांतहि एक न सुटलेलें दुःख आहे. इत्सुकीच्या वडिलांचा अंत न्यूमोनियानें झाला होता. त्यांना वेळेवर इस्पितळांत नेतां आलें नाहीं, हा आई आणि आजोबा यांच्यामधील जुना सल. पडशाकडे दुर्लक्ष करणारी इत्सुकी एका रात्रीं तापानें कोसळते. बाहेर हिमवादळ आणि रुग्णवाहिकेस विलंब. म्हातारे आजोबा नातीला पाठीवर घेऊन बर्फांतून धांवत निघतात, आई मागोमाग जाते आणि मुलगी वांचते. हें उपकथानक उगाच जोडलेलें नाहीं. ज्या चुकीची भरपाई होऊं शकत नाहीं असें वाटत होतें, तिच्यासमोर मनुष्याला पुन्हां एकदां उभें राहण्याची संधि मिळते, हेंच त्यांत दाखविलें आहे.

तशीच संधि हिरोकोला मिळते. तिच्यावर मनापासून प्रेम करणारा अकिबा हा कांचकाम करणारा कारागीर तिला त्या डोंगरापाशीं घेऊन जातो. पहांटे, बर्फाच्छादित शिखराकडे पाहून, ती आपल्या पहिल्या पत्रांतलेच शब्द मोठ्यानें उच्चारते. प्रतिध्वनीखेरीज दुसरें उत्तर येत नाहीं. पण ती पुन्हां पुन्हां हांक मारते आणि हळूहळू, मी बरी आहें, हें वाक्य तिच्या तोंडून रडतां रडतां खरें होऊं लागतें. कागदावर लिहितांना जी गोष्ट नुसता शिष्टाचार होती, ती येथें निरोप ठरते.

या दृश्याची शुभ्रता छायालेखक नोबोरू शिनोदा यांची. २००४ सालीं ते निवर्तले. त्यांच्या चित्रांत बर्फ शीतल दिसतो, पण निर्दय वाटत नाहीं. शाळेच्या ग्रंथालयांतील पांढरा पडदा वाऱ्यानें फुगतो आणि खिडकीशीं वाचीत उभा असलेला मुलगा क्षणभर दिसेनासा होतो. एवढ्या साध्या योजनेनें स्मृतीचा स्वभाव त्यांनीं डोळ्यांसमोर उभा केला आहे.

दक्षिण कोरियांत या चित्रपटाला मिळालेला मान विशेष लक्षणीय आहे. १९४५ सालीं जपानी सत्तेपासून मुक्त झाल्यावर त्या देशानें जपानी चित्रपट व गाणीं यांवर दीर्घकाळ निर्बंध ठेवले होते. १९९८ सालापासून ते क्रमाक्रमानें उठूं लागले आणि १९९९ च्या नोव्हेंबरांत 'लव्ह लेटर' तेथें प्रदर्शित झाला. तो अतिशय लोकप्रिय झाला आणि डोंगरापुढील तो कुशलप्रश्न, मूळ जपानी शब्दांतच, कोरियन तरुणांच्या तोंडीं बसला. ज्यांच्या आजोबांना ती भाषा सक्तीनें शिकावी लागली होती, त्यांनीं तिच्यांतील क्षेमकुशलाचे शब्द आपखुषीनें उचलावे, ही लहान गोष्ट नव्हे. इवाई यांनींहि पत्रांचा हा विषय सोडला नाहीं. 'लास्ट लेटर' या नांवानें त्यांनीं तो २०१८ सालीं चिनी भाषेंत आणि २०२० सालीं जपानींत पुन्हां हाताळला. ता. ६ डिसेंबर २०२४ रोजीं मिहो नाकायामा यांचें वयाच्या चोपन्नाव्या वर्षीं निधन झालें.

मूळ चित्रपटाचा शेवट पुन्हां ग्रंथालयापाशींच येतो. वडील वारल्यानंतरच्या दिवसांत तो मुलगा इत्सुकीच्या दारीं आला होता आणि एक पुस्तक आपल्या वतीनें परत करण्यास सांगून निघून गेला होता. मागाहून कळलें कीं, त्यानें शाळा व गांव दोन्ही सोडलीं. तें पुस्तक फ्रेंच लेखक मार्सेल प्रूस्त यांच्या गत काळाच्या शोधावरील प्रचंड कादंबरीचा एक खंड होतें. सात भागांची ही कादंबरी १९१३ ते १९२७ या काळांत प्रसिद्ध झाली. लेखक १९२२ सालींच वारले असल्यामुळें तिचे अखेरचे भाग त्यांच्या मृत्यूनंतर वाचकांपर्यंत पोहोंचले. मुलगाहि तसाच. शाळेंतील मुली एके दिवशीं तें पुस्तक घेऊन इत्सुकीच्या घरीं येतात आणि कार्ड उलटून पाहण्यास सांगतात. पुढच्या बाजूस तें ओळखीचें नांव. मागच्या बाजूस तिचें स्वतःचें, शाळकरी वयांतलें चित्र, त्या मुलाच्या हातचें.

कार्ड लपविण्यासाठीं ती झग्याचा खिसा चांचपते; पण त्या झग्याला खिसाच नसतो. हिरोकोला हें कळविण्यासाठीं ती मनाशीं पत्र जुळवूं लागते आणि लाज वाटते म्हणून तें धाडूं नये असें ठरविते. पहिलें पत्र कोणालाच पोहोंचूं नये म्हणून लिहिलें होतें, तें पोहोंचलें. हें शेवटचें पोहोंचवावेंसें वाटतें, तें घरींच राहतें. मधल्या काळांत एका स्त्रीला तिचा निरोप घेतां आला आणि दुसरीला तिचें पहिलें प्रेम, तें प्रेम होतें हें कळून, परत मिळालें.