पाण्याचा काटा मधोमध, तरी ऑईल तापलेले



मागील गळीत हंगामात आपल्या एका ट्रॅक्टरमालकाच्या इंजिनाचे बेअरिंग गेले. भरल्या दोन ट्रॉल्या घेऊन चढ चढताना. ते मला म्हणाले, "साहेब, काटा शेवटपर्यंत मधोमध होता. मग इंजिन तापलं कसं?" प्रश्न रास्त आहे. मी काही मेस्त्री नव्हे. पण वाहतूक थांबली की तुटलेला ऊस फडात वाळतो आणि वजन घटते, म्हणून हे सांगणे आले.

तो काटा पाण्याचा असतो, ऑईलचा नव्हे. पाण्याला राखणदार आहे. साधारण ८० ते ८५ अंशांना थर्मोस्टॅट उघडतो, पाणी रेडिएटरमध्ये जाऊन निवते व परत येते. त्यामुळे ओढ वाढली तरी काटा बराच वेळ हलत नाही. ऑईलला असा राखणदार पुष्कळ ट्रॅक्टरांत नसतो. पिस्टनच्या पोटाची आणि बेअरिंगची उष्णता ते अंगावर घेते व चेंबरच्या पत्र्यातून वाऱ्याला देते. चढावर ओढ जास्त आणि वेग बैलगाडीचा, मग वारा लागणार कुठून? पाणी ९० अंशांवर असताना ऑईल ११० च्या पुढे जाऊ शकते. तापलेले ऑईल पातळ होते, दाब घटतो आणि धातूला धातू घासतो.

थंडीत पहाटे याच्या उलट. पाणी आधी तापते, ऑईल मागे राहते. काटा वर आला म्हणून लगेच फडातून भरली ट्रॉली ओढायला लावू नका.

बोअरचे क्षाराचे पाणी रेडिएटरमध्ये घालण्याची खोड तर फार वाईट. लायनरवर खपली धरते, उष्णता पाण्यात नीट उतरत नाही, ऑईलवर येते. काटा मात्र निवांत! कूलंटच वापरा. थर्मोस्टॅट काढून टाकणे हाही उपाय नव्हे.

चढाला वरच्या गिअरमध्ये इंजिन रडवू नका. खालचा गिअर टाकला की पंखा व पंप दोन्ही जोरात फिरतात. रेडिएटरच्या जाळीतले पाचट रोज झाडा. ऑईलचा लाल दिवा लुकलुकला तर इंजिन तिथेच बंद करा, कारखाना दोन मैलांवर असला तरी. एरवी मात्र वजनकाट्याच्या रांगेत लागताच इंजिन बंद न करता दोन-तीन मिनिटे मंद चालू द्यावे.

— ऊस विकास अधिकारी